शंभर लिटरांची टाकी

मोटारींविषयी लिहिण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला, असा प्रश्न वाचकांच्या मनात प्रथम उभा राहील, आणि तो योग्यच आहे. तीस वर्षे आम्ही महाविद्यालयात इंग्रजी वाङ्मय शिकवीत आलो आहोत. आम्ही गाडी चालवीत असलो, की शेजारी बसलेली मंडळी दारावरची कडी घट्ट धरून बसतात. आणि बॉनेट उघडून आत काय बिघडले आहे हे पाहण्याचा प्रसंग आलाच, तर आम्ही चष्मा पुसतो, काही वेळ गंभीरपणे आत पाहतो आणि बॉनेट पुन्हा लावून टाकतो. असे असूनही एका विशिष्ट मोटारीविषयी आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत. ती आम्ही कधी चालविली नाही. ती धावताना पाहण्याचा योगही कधी आला नाही. परंतु तिच्या एका छायाचित्राने आमच्या बाळपणीची तीन वर्षे व्यापून टाकली, आणि त्या वेडाचा शेवट जसा झाला तो आम्ही चाळीस वर्षे कोणापाशी बोललो नाही.

आमचे गाव बुरोंडी. दापोली तालुक्यात, लाडघर आणि कोळथरे यांच्या मधल्या किनाऱ्यावर ते वसले आहे. आता तेथे टेकडीवर पृथ्वीच्या गोलावर उभी असलेली परशुरामाची मोठी मूर्ती आहे, आणि ती पाहण्यास पर्यटकांच्या गाड्यांची रीघ लागते. आमच्या लहानपणी गावात नेमाने येणाऱ्या गाड्या दोनच: एक दापोलीची एस.टी. आणि दुसरी मासळीची मॅटॅडोर. पहिली हमखास उशिरा येई, आणि दुसरीला उशीर झालेला चालत नसे.

आमच्या घरात मोटारशर्यतीचा विषय आणला तो काकांनी. १९६८ साली ते मुंबईच्या गोदीत कामाला होते. त्या वर्षी २४ नोव्हेंबर रोजी लंडनहून सिडनीस जाणारी एक प्रचंड शर्यत सुटली. अठ्ठ्याण्णव गाड्या निघाल्या; युरोप, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान मागे टाकून, खैबरखिंडीतून उतरून, सुमारे अकरा हजार किलोमीटरांची मजल मारून त्यांपैकी बहात्तर मुंबईस पोहोचल्या. तेथून 'चुसान' नावाच्या आगबोटीत त्यांना चढवून ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल बंदरास नेण्यात आले. त्या गाड्या बोटीवर चढताना काकांनी पाहिल्या होत्या, आणि प्रत्येक गणेशोत्सवात आरती आटोपली की ते त्यांचे वर्णन करीत. गाड्यांचे रंग चिखलाखाली दिसत नव्हते, दिवे फुटलेले होते, आणि गोरे ड्रायव्हर धक्क्यावरच्या पेट्यांवर आडवे होऊन झोपी गेले होते, असे ते सांगत. शेवटी १७ डिसेंबर रोजी सिडनीस पहिली आली ती हिलमन हंटर; म्हणजे इंग्लंडातला कारकून सहकुटुंब बाजारास जाताना वापरतो तसली साधी गाडी. तिच्यापुढे असलेली सिट्रोएन शेवट अगदी जवळ आला असता समोरून येणाऱ्या एका गाडीवर आदळली होती. "घोडा नाय जिंकला रे, बैल जिंकला," हे काकांचे ठरलेले भरतवाक्य असे. आम्हां पोरांस तो बैल मुळीच आवडत नसे.

पुढे काका गोदी सोडून बोटीवर लागले. १९८२ च्या गणपतीत ते विलायतेतील कोठल्याशा बंदरातून एक गुळगुळीत कागदाचे मोटार-मासिक घेऊन आले. आम्ही तेव्हा बारा वर्षांचे होतो. मासिकाच्या मधल्या दोन पानांवर तीन मोटारी होत्या: बसक्या, जमिनीस चिकटलेल्या, निळ्या-पांढऱ्या अंगावर १, २ आणि ३ असे आकडे रंगविलेल्या. फ्रान्समध्ये ल माँ या गावी चोवीस तासांची शर्यत होते. त्या वर्षीच्या जूनमध्ये या तिघी तिथे पहिली, दुसरी आणि तिसरी आल्या होत्या, आणि त्याही अंगावरच्या आकड्यांच्याच क्रमाने. मोटारीचे नाव पोर्शे ९५६. चालविणारे जॅकी इक्स आणि डेरेक बेल. फेऱ्या ३५९, आणि अंतर जवळजवळ ४,९०० किलोमीटर. म्हणजे आज दुपारी बुरोंडीहून निघावे आणि उद्या दुपारी याच वेळेपर्यंत दिल्लीस जाऊन, परत येऊन, पुन्हा दिल्ली गाठावी, असे गणित आम्ही नकाशावर दोरा ठेवून केले, आणि त्या रात्री आम्हांस झोप आली नाही.

आमचे तीर्थरूप गावातल्याच शाळेत मास्तर होते. त्यांच्यापाशी एक जुना, पाठ उसवलेला इंग्रजी-मराठी कोश होता. तो मांडीवर घेऊन आम्ही ते मासिक शब्दाशब्दाने वाचले. आज आम्ही विद्यार्थ्यांना मिल्टन शिकवितो. पण आमच्या इंग्रजीचा पाया एका मोटारीच्या वर्णनावर उभा आहे, हे आम्ही त्यांस सांगत नाही. वेगाचे, अश्वशक्तीचे, सहा किलोमीटर लांबीच्या सरळ रस्त्याचे परिच्छेद आम्हांस तोंडपाठ झाले. मात्र एक मोठा रकाना होता, त्याच्या मथळ्यातच 'कन्झम्प्शन' हा शब्द होता. कोशात पाहिले. कोशकर्त्याने स्वच्छ लिहिले होते: क्षय, कफक्षय. मोटारीच्या वर्णनात हा कोणाच्या आजाराचा मजकूर आला असेल, ते आम्हांस कळेना. एखाद्या ड्रायव्हरास क्षय झाला असावा असे समजून, थोडी हळहळ व्यक्त करून, आम्ही तो रकाना सोडून पुढे गेलो. वाचकांनी ही चूक ध्यानात ठेवावी. पुढचे सारे तिच्यातून निघाले आहे.

काकांचा थोरला मुलगा, म्हणजे आमचा दादा, आमच्याहून दहा वर्षांनी मोठा. १९८४ साली तो मासळीच्या मॅटॅडोरवर ड्रायव्हर म्हणून लागला. संध्याकाळी होड्या लागत, पापलेट-सुरमई बर्फाच्या चुऱ्यात घालून खोकी भरली जात, आणि दिवेलागणीच्या सुमारास गाडी मुंबईस निघे. दापोली, खेड, कशेडीचा घाट, पोलादपूर, महाड, माणगाव, वडखळ, पनवेल, आणि मग क्रॉफर्ड मार्केट. अंतर सव्वादोनशे किलोमीटरांहून थोडे अधिक. परंतु रस्ता तेव्हाचा, गाडी तेव्हाची, आणि मागे वितळणारा बर्फ. लिलावास जो माल आधी लागे त्यास भाव चढा मिळे. गाडीवर दोन ड्रायव्हर असत. महाडपर्यंत एक, पुढे दुसरा.

आम्हांस अर्थातच यात ल माँ दिसू लागले. आम्ही शंभर पानी वही घेतली, तिला रकाने पाडले, आणि दादाच्या प्रत्येक खेपेची निघण्याची व पोहोचण्याची वेळ तीत टिपू लागलो. निघण्याची वेळ आम्ही स्वतः धक्क्यावर उभे राहून लिहीत असू. पोहोचण्याची वेळ दादा दुसऱ्या दिवशी दुपारी परत आल्यावर सांगे. पहिल्या महिन्यात साडेसात तास लागत. मग सव्वासात झाले. सातच्या आत आला त्या दिवशी आम्ही तो आकडा तांबड्या शाईने लिहिला आणि खाली त्या मासिकातील एक इंग्रजी शब्द उतरविला, त्याचा अर्थ 'विक्रम' असा होता. दादा हसला, परंतु त्यास तो शब्द आवडला हे आम्हांस दिसले. तो आता येताच प्रथम विचारी, "वही कुठाय?" एकदा त्याने ती वही मालकास दाखविण्यासाठी मागून नेली. परत दिली तेव्हा मालक खूश झाल्याचे त्याने सांगितले. त्यानंतर थोड्याच दिवसांत दुसरा ड्रायव्हर गाडीवर दिसेनासा झाला. इतक्या झटपट खेप होते तर दोन माणसे कशास, असे म्हणे ठरले होते.

१९८५ च्या दिवाळीनंतरच्या एका रात्री कशेडीच्या घाटात दादाचा डोळा लागला. गाडी कडेच्या दरडीवर आदळून उलटली. क्लीनर खरचटण्यावर निभावला. दादाचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. त्या वेळी तो पंचवीस वर्षांचा होता. बातमी आली त्या दिवशी आम्ही वही उघडली. आदल्या संध्याकाळची निघण्याची वेळ आमच्या हाताने लिहिलेली होती, आणि समोरचा रकाना कोरा होता. ती वही आम्ही न्हाणीघराच्या चुलीत घातली. मासिक मात्र आमच्याने जाळवले नाही. ते तीर्थरूपांच्या पेटीत तळाशी गेले. पुढे आम्ही मॅट्रिक झालो, पुण्यास गेलो, शिकलो, शिकवू लागलो. दादा धक्क्यावर बर्फाचा हिशेब ठेवण्याच्या कामास लागला. आम्ही सुटीत गावी जात असू, त्याच्या ओटीवर बसत असू, सर्व विषयांवर बोलत असू. त्या वहीचा विषय त्याने काढला नाही, आणि आम्हांस धीर झाला नाही.

दोन वर्षांपूर्वी आम्ही उभयता जर्मनीस गेलो. आमची कन्या श्टुटगार्ट येथे यंत्रशास्त्राच्या क्षेत्रात काम करते. बापास वाङ्मयाखेरीज कशात गोडी नाही अशी तिची प्रामाणिक समजूत. त्यामुळे आम्ही आपण होऊन पोर्शेच्या संग्रहालयात जाऊ म्हटले, तेव्हा तिने आमच्या कपाळास हात लावून पाहिला. आत गेलो, आणि एका दालनात मान वर करून उभे राहिलो. तेथे ९५६ आहे. पण ती जमिनीवर नाही. छतास उलटी टांगली आहे, चाके वर आणि टप खाली.

असे का, म्हणून आम्ही कन्येस विचारले. तिने मोठ्या सोप्या रीतीने सांगितले. निसर्ग चक्रीवादळात, ३ जून २०२० रोजी, आमच्या दापोलीकडील घराघरांवरचे पत्रे उडाले होते. पत्र्यावरून वारा जोराने धावला, की वरच्या हवेचा दाब घटतो, खालची हवा पत्र्यास वर लोटते, आणि छप्पर जाते. या मोटारीच्या पोटाखाली नेमका उलटा बेत केला आहे. तिचा तळ असा वळविला आहे की तिच्याखालून हवा अतिशय जोराने जावी, तेथील दाब घटावा, आणि गाडी रस्त्याकडे ओढली जावी. ताशी सुमारे ३२० किलोमीटर वेगास ही ओढ गाडीच्या वजनाइतकी होते. म्हणजे त्या वेगाने ती छतावरूनही धावेल, निदान हिशेबाप्रमाणे. हे दाखविण्यासाठी तिला तशी टांगली आहे. नॉर्बर्ट झिंगर या अभियंत्याच्या देखरेखीखाली ती आखली गेली. तिचा सांगाडा पूर्वीसारखा नळ्यांचा न करता ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा, एका पेटीसारखा केला. पोर्शेने असे पूर्वी कधी केले नव्हते. इंजिन मात्र नवे नव्हते. आधीच्या गाड्यांत मुरलेले, सहा नळकांड्यांचे, अडीच लिटरांहून थोडे मोठे, दोन टर्बो जोडलेले असे ते होते.

"आणि बाबा, खरी गंमत वेगात नाहीच," कन्या म्हणाली. "खरी गंमत कन्झम्प्शनमध्ये आहे."

त्या शब्दासरशी आम्ही बारा वर्षांचे झालो. न वाचलेला तो रकाना आमच्या कन्येने आम्हांस चाळीस वर्षांनी वाचून दाखविला.

१९८२ साली शर्यतींच्या नियंत्रकांनी 'गट सी' नावाचा नवा नियम केला. इंजिन केवढे असावे, किती ताकदीचे असावे, यावर फारसे बंधन घातले नाही. बंधन घातले ते तेलावर. टाकी शंभर लिटरांची, आणि हजार किलोमीटरांच्या शर्यतीस एकूण सहाशे लिटर पेट्रोल. ते कसेही जाळा. संपले की संपले. त्या उन्हाळ्यात ९५६ पहिल्यांदा धावली ती इंग्लंडात सिल्व्हरस्टोन येथे, आणि तेथे ती जिंकली नाही. आपले तेल शेवटपर्यंत पुरावे म्हणून तिला मंदावावे लागले, आणि हे बंधन जिच्यावर नव्हते अशी जुन्या गटातील लान्चिया पुढे निघून गेली. सर्वांत वेगवान गाडी रस्त्यावर रेंगाळते आहे हे दृश्य प्रेक्षकांस विचित्र वाटले असेल. त्यानंतर सुमारे महिन्याभराने ल माँ झाले, आणि तेथे आमच्या मासिकातील ते छायाचित्र निघाले.

म्हणजे ज्या चित्राकडे पाहून आम्ही वेगाची पूजा केली, ते चित्र वस्तुतः काटकसरीचे होते. ही गोष्ट कळावयास कोकणी माणसास वास्तविक अडचण पडू नये. तांदळाचे पिंप वैशाखात किती उतरले आहे, हे पाहून आषाढाचा विचार करणाऱ्या बायकांच्या हाताखाली आम्ही वाढलो. टाकीत काय शिल्लक आहे आणि वाट किती उरली आहे, या दोन आकड्यांवर नजर ठेवून चालणे हीच त्या शर्यतीची विद्या होती. आणि ती विद्या आमच्या आजीस पूर्ण अवगत होती. १९८५ साली नियंत्रकांनी सहाशेचे पाचशे दहा लिटर केले. त्या वर्षी ल माँ येथे खाजगी संघांच्या दोन ९५६ प्रतिस्पर्धी असूनही आरंभीच्या तासांत आळीपाळीने एकमेकींच्या पुढे राहिल्या. पुढची वारा फोडी, मागचीचे तेल वाचे; मग जागा बदलत. त्यांतील एक पहिली आली, दुसरी दुसरी आली, आणि कारखान्याची स्वतःची गाडी मागे पडली.

या मोटारीने त्या क्रीडेचे काय केले, हेही सांगितले पाहिजे. ल माँ येथे ती आणि तिची पुढची आवृत्ती ९६२ या १९८२ पासून १९८७ पर्यंत सलग सहा वर्षे जिंकल्या. कारखान्याने ती केवळ आपल्यापाशी ठेवली नाही. पैसे देईल त्या संघास विकली, सुटे भाग पुरविले. त्यामुळे एखाद्या गॅरेजवाल्यासही जगज्जेत्यांच्या बरोबरीने उभे राहता आले. १९८४ साली नियमांच्या वादातून कारखान्याने ल माँवर बहिष्कार घातला, तेव्हा योस्ट यांच्या खाजगी संघाने ती शर्यत जिंकली. आणि पुढच्या वर्षी तीच गाडी घेऊन पुन्हा जिंकली. ही थोरवी झाली. दुसरी बाजू अशी की १९८३ साली पहिल्या दहांत नऊ गाड्या ९५६ होत्या, आणि नवव्या क्रमांकावर एक झाउबर काय ती वेगळी. एकाच विद्यार्थ्याने सर्व पारितोषिके नेली, की समारंभ रुक्ष होतो, हे आम्ही अध्यापक जाणतो. पण त्या वर्चस्वानेच इतरांस डिवचले. जॅग्वारने कंबर कसली आणि १९८८ साली ती परंपरा मोडली. पुढे नियंत्रकांनी तेलाचे बंधन काढून महागड्या साडेतीन लिटरी इंजिनांचा आग्रह धरला. संघ गळाले, आणि ती जागतिक स्पर्धा १९९२ नंतर बंदच पडली. इंधनाचे माप २०१४ साली ल माँच्या नियमांत नव्या रूपाने परत आले, आणि २०१५ पासून तीन वर्षे तेथे पुन्हा पोर्शेच जिंकली.

सामान्य संसारातही तिचे काही शिरले आहे. इंजिनास प्रत्येक क्षणी किती तेल द्यावे हे मोजून ठरविणारी बॉशची विद्युत-यंत्रणा त्या गाड्यांत कसोटीस लागली. आज तसली व्यवस्था आपल्याकडील मोटारींत आहे, आणि एप्रिल २०२० पासून बी.एस.-सहा नियम आल्यावर बहुतेक दुचाकींतही आहे. दोन क्लचांची जी गिअरपेटी आज पुण्याच्या रस्त्यांवरील कित्येक गाड्यांत आढळते, तिचेही प्रयोग याच जातीच्या गाड्यांवर झाले.

आता ज्या भागाने आमचा जीव त्या दालनात कासावीस झाला, तो सांगतो. स्टेफान बेलोफ नावाच्या तरुण जर्मन ड्रायव्हराने १९८३ च्या मे महिन्यात न्युरबुर्गरिंगच्या वीस किलोमीटरांहून लांब अशा डोंगरी मार्गाची फेरी ९५६ मधून ६ मिनिटे ११.१३ सेकंदांत पुरी केली. तो विक्रम २०१८ पर्यंत, पस्तीस वर्षे, टिकला. त्या फेरीनंतरच्या प्रत्यक्ष शर्यतीत आघाडीवर असताना बेलोफने गाडी फोडली. आणि १ सप्टेंबर १९८५ रोजी बेल्जममधील स्पा येथे, ९५६ मध्येच, इक्सच्या गाडीस ओलांडू पाहताना तो मरण पावला. वय सत्तावीस. आमच्या दादाचा घाट त्याच वर्षीचा.

दुसरी गोष्ट पायांची. ९५६ अमेरिकेतील शर्यतींत चालू दिली नाही, कारण तीत ड्रायव्हरची पावले पुढच्या चाकांच्या आसाच्याही पुढे येत. गाडी आदळली तर प्रथम पाय सापडणार. अमेरिकन मंडळाने सांगितले की पाय आसाच्या मागे घ्या, मग या. पोर्शेने पुढची चाके बारा सेंटिमीटर पुढे सरकविली, आणि १९८४ साली ९६२ झाली. ती बारा सेंटिमीटरे कन्येने आम्हांस बोटांनी दाखविली. आमच्या डोळ्यांपुढे मॅटॅडोर उभी राहिली. तिच्यात ड्रायव्हर अगदी नाकावर बसे. त्याच्या गुडघ्यांपुढे पत्रा, आणि पत्र्यापुढे कशेडीची दरड. ल माँ येथे एका गाडीस दोन-दोन, तीन-तीन ड्रायव्हर असतात, पाळी संपली की उतरून झोपतात, हेही त्याच मासिकात आरंभीच छापले होते. ते आम्ही वाचले होते. त्याचा उपयोग मात्र आम्हांस सुचला नव्हता.

गतवर्षी मे महिन्यात आम्ही बुरोंडीस गेलो, आणि एका दुपारी दादाच्या ओटीवर सारे बोलून टाकले. प्रथम मोटारीचे सांगितले. संग्रहालय, श्टुटगार्ट, छतास टांगलेली गाडी, सर्व त्याने शांतपणे ऐकले, आणि पहिला प्रश्न विचारला तो आपल्याकडे कोणत्याही गाडीविषयी विचारतात तोच: "किती देते?"

आम्ही हिशेब केला. शंभर किलोमीटरांस साठ लिटर. म्हणजे लिटरला पावणेदोनही नाही.

"आमच्या मालकानं एक दिवस ठेवली नसती," दादा म्हणाला. मग थोडा विचार करून, "आणि उलटी टांगलीय म्हणतोस? उलटी तर माझीपण झाली होती. ती कोणी नाय रे टांगली."

तो मोठ्याने हसला. आम्हांस हसता येईना. आम्ही वहीचा विषय काढला. तांबडी शाई, तो इंग्रजी शब्द, मालकास दाखविलेली पाने, दुसऱ्या ड्रायव्हरची गेलेली नोकरी, सगळे म्हणून दाखविले. कोणी न मागितलेला कबुलीजबाब मनुष्य जितक्या तपशिलाने देतो तितक्या तपशिलाने. दादा बराच वेळ सुपारी कातरीत होता.

"तू तेव्हा पंधरा वर्षांचा," तो म्हणाला. "तुझ्या वहीनं मालक ड्रायव्हर काढतो होय? मीच सांगितलं त्याला. म्हटलं, दुसरा नको, त्याचा अर्धा पगार मला दे. ताईचं लगीन ठरलं होतं नाय का? वही दाखवली ती मी, माझ्या कामासाठी. तुला कशाला सांगू? तू आपला तिथं विक्रम मांडीत होतास."

मग त्याने अडकित्ता खाली ठेवला आणि सौम्यपणे विचारले, "चाळीस वर्षं हे घेऊन बसला होतास?"

आम्ही होय म्हटले. आपल्या अपराधाचेही मनुष्यास किती अगत्य असते! ताईच्या लग्नातले जेवण आम्ही पोटभर जेवलो होतो. त्या पंगतीचे पैसे कोठून आले हे एकदाही मनात आले नाही. आमच्या पश्चात्तापाच्या सबंध गोष्टीत नायक आम्ही होतो, आणि दादा एक पाय गेलेला माणूस होता, एवढेच. त्याने पुरते जाणून, घरासाठी, आपल्या टाकीत होते त्याहून अधिक अंतर कापावयाचे ठरविले होते, हे आमच्या हिशेबात कोठेच नव्हते. त्यामुळे आमची वही निर्दोष ठरते असे नाही. पोहोचण्याची वेळ ऐकून टाळी वाजविणारा कोणी नसता, तर तो महाडास घटकाभर थांबला असता की काय, हे त्यालाही सांगता येणार नाही. तूर्त आमचा हिस्सा आम्ही आमच्याकडेच ठेवला आहे. फक्त तो पूर्वीपेक्षा लहान आहे, आणि आता त्याविषयी दादापाशी बोलता येते.

दादास नवा कृत्रिम पाय बसवून घ्यावयाचा होता, म्हणून परतताना आम्ही त्यास बरोबर पुण्यास आणले. कशेडीच्या पोटातून आता बोगदे गेले आहेत. दादा म्हणाला, "जुन्या घाटानं घे." आम्ही तसे केले. वळणांमागून वळणे गेली. एके ठिकाणी त्याने काच खाली केली, दरडीकडे पाहिले, आणि म्हणाला, "हे असेल. नायतर पुढचं. आता नाय सांगता यायचं." पुढच्या वळणावरही तो तसेच म्हणाला.

घाट उतरून पोलादपूर मागे टाकल्यावर, दुपारच्या उन्हात, आमचा डोळा जड होऊ लागला. आम्ही गाडी एका वडाखाली उभी केली, चहा घेतला, आणि किल्ली सौभाग्यवतींच्या हाती दिली. त्या आमच्याहून बऱ्या चालवितात, हे गृहसौख्यासाठी नव्हे, तर वस्तुस्थिती म्हणून आम्ही येथे नमूद करतो. आम्ही मागे दादाशेजारी जाऊन बसलो. समोरच्या पडद्यावर लिटरला किती पडते याचा आकडा दिसत होता. दादा वाकून तो वाचू लागला.

"वहिनी, हळूच घ्या," तो म्हणाला, "आकडा चढतोय." आणि आम्हांस म्हणाला, "तू झोप आता."